घरी बनवलेला डमी लोड ट्रेबलला दगा देतो तेव्हा: काय तपासायचं आणि कुठं थांबायचं

श्रावण संपत आला की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. बेळगाव शहरातले तर असतातच, पण खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि पलीकडं चंदगडपासूनचे साऊंडवाले गणपतीच्या आधी अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येतात. त्यातले तीन-चार अ‍ॅम्प दरवर्षी असे निघतात की त्यांच्यात काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड असतो तो ज्या डमी लोडवर, म्हणजे तपासणीपुरता स्पीकरच्या जागी जोडलेल्या रेझिस्टरवर, त्यांची तपासणी झाली त्या लोडात.

मागच्या खेपेला निपाणीचा एक तरुण आला. म्हणाला, "मामा, बास एकदम भारी देतोय की हो. पण टेस्टिंगला ट्रेबल दिला की प्रोटेक्शन मारतोय. स्पीकर लावला तर चालतोय बघा." प्रोटेक्शन म्हणजे जादा ताण आला की आऊटपुट तोडणारं आतलं सर्किट. त्या तरुणाचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. स्पीकरवर चालतो आणि लोडवर चालत नाही, म्हणजे आधी लोड उघडायचा. गाडीतून त्यानं लोड आणला. दोन इंची जीआय पाइपवर अभ्रक गुंडाळून त्यावर हीटरची जाड तार वेढलेली, बाहेर पत्र्याचा डबा, आणि दोन मीटर लांब दोन वायरी दोन दिशांना गेलेल्या. मल्टीमीटरवर बरोबर ४ ओहम. त्याच्या दृष्टीनं लोड बरोबर होता, कारण मीटर ४ दाखवत होतं.

मीटर ओहम मोजतं ते डीसीवर. वेढे घातलेली तार डीसीला नुसता रेझिस्टर असते, पण एसीला ती कॉईलही असते, आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तशी कॉईल जास्त अडवते. त्या पाइपावर पंधरा गेजच्या नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमच्या) तारेचे ६० वेढे होते, ५० मिलिमीटर व्यासाचे, २० सेंटिमीटर लांबीत. आत पाइप नसता तरीसुद्धा हिशेबानं त्याचा इंडक्टन्स, म्हणजे कॉईलपणाचं माप, ४० मायक्रोहेन्रीच्या आसपास निघतो. १०० हर्ट्झला हा अडथळा ओहमच्या चाळिसाव्या भागाइतका, म्हणजे नसल्यातच जमा. २० किलोहर्ट्झला मात्र तो ५ ओहम होतो. ४ ओहमच्या लोडात ५ ओहमची कॉईल!

आता अ‍ॅम्पमधून ४० व्होल्ट काढा. नेहमीचा हिशेब म्हणतो ४० चा वर्ग भागिले ४, म्हणजे ४०० वॅट. खरा एकूण अडथळा आहे ६.४ ओहम, करंट ६.२ अँपिअर, आणि तारेत उष्णता म्हणून जाणारी शक्ती फक्त १५५ वॅट. तुम्ही ग्राहकाला ४०० लिहून देता आणि अ‍ॅम्पनं लोडात दिलेले असतात १५५. शिवाय करंट व्होल्टेजच्या ५० अंश मागे पडतो, त्यामुळं आऊटपुट ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी जास्त येतात. जुन्या अ‍ॅम्पमधलं प्रोटेक्शन नेमकं हेच बघतं आणि तोडतं. म्हणजे प्रोटेक्शन आपलं काम चोख करत असतं.

लक्षणं

पुढच्यातलं एक जरी दिसलं तर अ‍ॅम्पचं झाकण उघडू नका, आधी लोडाकडं वळा.

१ किलोहर्ट्झला सगळं ठीक असतं आणि १० च्या वर प्रोटेक्शन लागतं, किंवा लहर विद्रूप दिसते. क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्यानं चालू-बंद करून चालणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये याउलट १५ ते २० किलोहर्ट्झला आऊटपुट आपोआप फुगतं. त्यांच्या आतल्या फिल्टरला आवरून धरायला बाहेर खरा रेझिस्टर लागतो आणि कॉईलवाला लोड ते काम करत नाही.

चौकोनी लहर दिली की स्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) प्रत्येक कडेला टोक उभं राहतं आणि नंतर लहर थरथरते.

लोड स्वतः आवाज करतो. टोन दिला की तारेचे वेढे त्याच सुरात गुणगुणतात. थोडी गुणगुण साध्या स्प्रिंगमध्येही असते, पण डब्याचा पत्राही सोबत वाजायला लागला तर चुंबकीय क्षेत्र डब्यापर्यंत पोचलंय असं समजा.

बॅटरी किंवा सोलर कंट्रोलर तपासायला मॉसफेटनं (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) चालू-बंद होणारा लोड केला असेल, तर मॉसफेट चालू असताना टिकतो आणि बंद होताना मरतो. ड्रेन आणि सोर्स, म्हणजे त्याचे दोन मुख्य पाय, शॉर्ट मिळतात. नवा घातला तरी तेच.

एक फसवं लक्षणही सांगून ठेवतो, कारण त्यात मी स्वतः बराच वेळ घालवलाय: क्लॅम्प मीटरचा करंट हिशेबाशी जुळत नाही. हा दोष लोडाचाच असेल असं नाही. साधे क्लॅम्प मीटर ५०-६० हर्ट्झसाठी बनलेले असतात, काही शे हर्ट्झच्या वर त्यांचा आकडा धरू नये. १० किलोहर्ट्झला तो चुकीचा आला म्हणून लोडाला दोष देऊ नका.

आधी सगळं बंद

तपासणीला हात घालण्यापूर्वी अ‍ॅम्पची पिन सॉकेटमधून काढा. बटण बंद केलं म्हणून भागत नाही. मोठ्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटर पिन काढल्यावरही भरलेले असतात, मीटरनं व्होल्टेज उतरलेलं बघा. नुकता वापरलेला लोड लाल नसला तरी हाताचं कातडं सोलण्याइतका तापलेला असतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी लोहचुंबकाची. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट असलं तरी पुरे. ते तारेला चिकटतं का बघा. चांगलं नायक्रोम चिकटत नाही. हीटरच्या स्वस्त स्प्रिंगमध्ये बऱ्याचदा लोखंड, क्रोमियम आणि अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू असतो, तो गार असताना चुंबकाला चिकटतो. असली तार स्वतःच कॉईलच्या गाभ्यासारखी वागते आणि इंडक्टन्स वाढवते. त्यातून ती लालबुंद तापली की तिचा चुंबकीय गुण जातो, म्हणजे गार लोड आणि तापलेला लोड यांचं मोजमाप वेगवेगळं. बांधकामाची बाइंडिंग वायर वापरणारेही भेटतात. ती तर अजिबात नको: लोखंडाचा रोध दर अंशाला अर्ध्या टक्क्याहून जास्त वाढतो. १०० अंश तापली की तुमचे ४ ओहम ६ च्या पुढे गेलेले असतात. नायक्रोमचा रोध तेवढ्याच तापानं एखाद-दीड टक्काच हलतो.

दुसरी तपासणी वायरींची, आणि ही सगळ्यांत जास्त फळ देते. जाणारी आणि येणारी वायर यांच्यात जेवढी मोकळी जागा, तेवढा इंडक्टन्स. ४ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी एकमेकींपासून एक फूट लांब ठेवून २ मीटर नेल्या तर नुसत्या वायरींचा इंडक्टन्स साडेचार मायक्रोहेन्रीच्या आसपास होतो. त्याच वायरी एकमेकींना पीळ घालून नेल्या तर सव्वा मायक्रोहेन्री. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. मॉसफेटच्या लोडात तर यावरच सगळं अवलंबून असतं. ५० अँपिअर करंट एक दशांश मायक्रोसेकंदात तोडला तर दर मायक्रोहेन्रीमागं ५०० व्होल्टचा झटका बसतो. १०० व्होल्टचा मॉसफेट त्यापुढं टिकणार कसा? वायरी आखूड करा, पीळ घाला, मग पुन्हा चालवून बघा. पुष्कळ लोड इथंच सुधारतात आणि पुढचं काही करावं लागत नाही.

वायरीची जादा लांबी गोल गुंडाळून डब्याखाली ठेवायची सवय आपल्याकडं फार आहे. त्या गुंडाळीला आपण होऊन कॉईल केलेलं असतं. जादा लांबी कापून टाका.

तिसरी तपासणी सांध्यांची. नायक्रोमला साधं सोल्डर धरत नाही. वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि तापलं की सुटतं. पितळी बोल्ट, दोन वॉशर आणि मध्ये तारेचा आकडा, किंवा चिनी मातीचं कनेक्टर. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की, विशेषतः खानापूरच्या पट्ट्यात, लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो. गंजलेला सांधा इंडक्टन्स वाढवत नाही, पण रोध हलता ठेवतो आणि स्कोपवर खरखर दाखवतो, मग माणूस भलत्याच मागं लागतो. म्हणून मोजमाप करण्याआधी सांधे घासून घट्ट करा.

थोडा खटाटोप: पाइप आणि डबा

कॉईल लोखंडी पाइपवर असेल तर ती पाइपवरून काढा. कमी फ्रिक्वेन्सीला पाइपचं लोखंड इंडक्टन्स वाढवतं. फ्रिक्वेन्सी वाढली की पाइपच्या कातडीत भोवरी करंट फिरायला लागतात, पाइप स्वतः तापतो आणि लोडाचा रोधच फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतो. असल्या लोडाचं मोजमाप दोन फ्रिक्वेन्सींना दोन तऱ्हेचं येतं आणि कुठलं खरं मानायचं हे ठरवता येत नाही. निपाणीच्या त्या लोडात हेच होतं. तार पाइपवरून काढून चिनी मातीच्या खुंट्यांवर लांबट नागमोडी टांगली आणि त्याच्या अ‍ॅम्पला मी हातसुद्धा लावला नाही. २० किलोहर्ट्झला प्रोटेक्शन लागलं नाही.

पत्र्याचा डबा अगदी चिकटून असेल तर तो तीन-चार बोटं लांब सरकवा. पंख्याच्या हवेलाही वाट मिळते.

मोजायचं कसं

इथं थोडं सावकाश वाचा, कारण चुकीचं मोजमाप न मोजण्यापेक्षा वाईट.

बाजारातलं स्वस्त एलसी (इंडक्टन्स-कपॅसिटन्स मोजणारं) मीटर या कामाला घेऊ नका. त्यातली कॉईल-कपॅसिटरची जोडी कंप पावली तरच त्याला आकडा मिळतो. आपल्या कॉईलला मोठा रोध जोडलेला असल्यानं तो कंप मरतो आणि मीटर काहीतरी आकडा ठोकून देतं. एलसीआर मीटर (रोधही मोजणारं) असेल आणि त्यावर १०० किलोहर्ट्झची सोय असेल तर ते चालेल. १ किलोहर्ट्झला ४० मायक्रोहेन्रीचा अडथळा पाव ओहमच असतो, तो ४ ओहमच्या पोटात हरवतो.

मी स्कोप आणि सिग्नल जनरेटरवर मोजतो. लोड अ‍ॅम्पपासून पूर्ण सोडवा. जनरेटरच्या टोकापासून ४७ ओहमचा साधा कार्बन फिल्म रेझिस्टर, त्यापुढं लोड, आणि लोडाचं दुसरं टोक जनरेटरच्या ग्राउंडला. स्कोपचं ग्राउंड याच टोकाला. पहिला प्रोब ४७ ओहमच्या वरच्या टोकाला, दुसरा लोडाच्या वरच्या टोकाला, आणि तोही वायरीवर न ठेवता थेट लोडाच्या बोल्टवर. नाहीतर वायरीचा इंडक्टन्स लोडाच्या खात्यात जातो. दोन्ही चॅनेलची वजाबाकी लावली की ४७ ओहमवरचं व्होल्टेज मिळतं, त्याला ४७ नं भागलं की करंट.

आधी १ किलोहर्ट्झ. समजा करंट ०.१ अँपिअर आणि लोडावर ०.४ व्होल्ट, म्हणजे ४ ओहम. हे मल्टीमीटरशी जुळलं पाहिजे, नाही जुळलं तर पुढं जाऊ नका, जोडणी तपासा. मग १०० किलोहर्ट्झ. समजा करंट तेवढाच आणि लोडावर १.२ व्होल्ट. एकूण अडथळा १२ ओहम. १२ चा वर्ग १४४, त्यातून ४ चा वर्ग १६ गेले, १२८ राहिले, त्याचं वर्गमूळ ११.३. हा कॉईलचा अडथळा. त्याला ६.२८ गुणिले १,००,००० नं भागा: १८ मायक्रोहेन्री.

प्रोबची लांब ग्राउंड क्लिप स्वतः एक वेढा असते आणि शेजारच्या कॉईलचं क्षेत्र पकडते. प्रोबसोबत येणारी छोटी स्प्रिंग वापरा. ती नसेल तर प्रोबचं टोक आणि ग्राउंड दोन्ही एकाच बोल्टवर टेकवून बघा. शून्य दिसलं पाहिजे. जे दिसेल ती तुमच्या मोजमापाची चूक आहे.

किती चालेल? ऑडिओला मी एक साधा नियम धरतो. २० किलोहर्ट्झला कॉईलचा अडथळा रोधाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत हवा. ४ ओहमला तो ३ मायक्रोहेन्री, ८ ओहमला ६. एवढ्यात एकूण अडथळ्याचा फरक अर्ध्या टक्क्यावर येतो. मॉसफेटच्या लोडाला हा नियम पुरत नाही, तिथं जितका कमी तितका बरा.

लोड नव्यानं बांधायचा झाला तर

तारेचे मोठ्या व्यासाचे वेढे हे दुखण्याचं मूळ. इंडक्टन्स वेढ्यांच्या संख्येच्या वर्गानं आणि वेढ्याच्या क्षेत्रफळानं वाढतो. क्षेत्रफळ घटवलं की निम्मं काम झालं.

सगळ्यांत सोपी वाट म्हणजे पाणी तापवायचे रॉड. २ किलोवॅटच्या रॉडचा रोध साडेसव्वीस ओहम, तीन रॉड समांतर जोडले की ८.८ ओहम. आतली स्प्रिंग अगदी बारीक व्यासाची असते, म्हणून हिशेबानं एका रॉडचा इंडक्टन्स एखाद मायक्रोहेन्रीच निघतो. १५ लिटरच्या बादलीत १ किलोवॅट सोडलं तरी पाणी उकळायला सव्वा तास लागतो, तेवढ्यात कुठलीही टेस्ट उरकते. रॉडचं आवरण अर्थ करायचं आणि पाणी कमी होऊ द्यायचं नाही. रॉड उघडा पडला की मिनिटात फुटतो. मीठ घातलेल्या पाण्यात नुसत्या पट्ट्या बुडवून लोड करणारे आहेत. ते करू नका. रोध सतत हलतो, डीसीवर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो छातीत जातो.

दुसरी वाट इस्त्रीच्या एलिमेंटची. अभ्रकाच्या पातळ पट्टीवर चपटी तार गुंडाळलेली असते. पट्टी पातळ असल्यानं वेढ्याचं क्षेत्रफळ नगण्य. ७५० वॅटचं एक एलिमेंट ७० ओहम, आठ समांतर जोडली की ८.८. ती दोन धातूच्या पट्ट्यांत दाबून बसवावी लागतात, मोकळ्या हवेत जळतात.

लहान कामाला ३ वॅटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर: ३९० ओहमचे ४८ समांतर जोडले की ८.१ ओहम आणि १४४ वॅट. सोल्डरिंगला अर्धा दिवस जातो, पण इतका स्वच्छ लोड दुसरा नाही.

कॉईल समांतर जोडण्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय. दहा सारख्या कॉईल समांतर केल्या की इंडक्टन्स दहावा होतो हे खरं, पण रोधही दहावाच होतो, आणि आपल्याला महत्त्व आहे ते दोघांच्या गुणोत्तराला. ते तसंच राहतं. फायदा मिळतो तो प्रत्येक कॉईल बारीक तारेची आणि जास्त ओहमची केली तर, कारण मग हव्या त्या ओहमला कमी वेढे पुरतात.

जाड तारच वेढायची असेल तर एर्टन आणि पेरी या दोघांच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत वापरा. दुप्पट ओहमच्या दोन तारा एकाच पट्टीवर उलट-सुलट दिशेनं वेढायच्या आणि दोन्ही टोकांना जोडायच्या. दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात, आणि जिथं तारा एकमेकींना ओलांडतात तिथं दोघींचं व्होल्टेज जवळजवळ सारखं असल्यानं ठिणगी पडत नाही. एकच तार मध्यातून दुमडून जोडीनं वेढायची पद्धतही इंडक्टन्स मारते, पण तिथं सुरुवातीच्या शेजारच्या तारांत पूर्ण व्होल्टेज असतं. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडं मिळणारी फायबर ग्लासची स्लीव्ह घातल्याशिवाय ती करू नका.

लोड सुधारूनही अ‍ॅम्प थरथरतोय?

मग अ‍ॅम्प उघडा आणि आऊटपुट ते ग्राउंडमधली रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी बघा, साधारण १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड. वरच्या फ्रिक्वेन्सीला बाहेरचा लोड नाहीसा होतो तेव्हा अ‍ॅम्पला हीच जोडी धरून ठेवते. इंडक्टिव लोडावर बरेच दिवस तपासलेल्या अ‍ॅम्पमध्ये हा रेझिस्टर काळा पडलेला मला वारंवार सापडलाय. तो उडालेला असेल तर चांगल्या लोडावरही अ‍ॅम्प डोलतो.

मॉसफेटच्या डीसी लोडात वायरी आवळल्यावरही झटका उरला तर लोडाला उलटा फास्ट रिकव्हरी (झटकन बंद होणारा) डायोड लावा. वन-एन ४००७ इथं मंद पडतो. पण कारण न काढता डायोड लावू नका. लांब वायरींनी लोडापाशी लावलेला डायोड मॉसफेटला वाचवत नाही, कारण मधल्या वायरीचा इंडक्टन्स त्याच्या कक्षेबाहेर राहतो. डायोडचं एक टोक मॉसफेटच्या पायाशी आणि दुसरं सप्लायच्या कपॅसिटरशी, आखूड.

इथं थांबा

ब्रिज केलेला (दोन चॅनेल मिळून एकच लोड चालवणारा) अ‍ॅम्प असेल तर आऊटपुटचं एकही टोक ग्राउंड नसतं. स्कोपची क्लिप तिथं लावली की आऊटपुट थेट अर्थला शॉर्ट होतं. डिफरन्शियल प्रोब (ग्राउंडशिवाय दोन टोकांतला फरक मोजणारा) नसेल आणि वजाबाकीनं मोजायची सवय नसेल तर ज्याच्याकडं ते आहे त्याच्याकडं न्या.

उद्यमबाग किंवा मच्छेतल्या एखाद्या कारखान्यातल्या ड्राइव्हचा (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) ब्रेकिंग रेझिस्टर घरच्या तारेनं बदलायचा विचार असेल तर तो सोडून द्या. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हच्या आत ५८० व्होल्टच्या पुढं डीसी असतं, ब्रेक लागताना त्याहून वर जातं, आणि पॉवर बंद केल्यावरही काही मिनिटं टिकतं. क्रेन किंवा लिफ्टवर तो रेझिस्टर उडाला तर वजन आवरायला काही उरत नाही. ड्राइव्हच्या पुस्तकात लिहिलेल्या ओहमचा आणि वॅटचा तयार रेझिस्टर घ्या आणि ड्राइव्हचं काम करणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्या.

सौर पंपाच्या पॅनेलच्या माळेवर घरचा लोड लावू नका. काही शे व्होल्टचा डीसी आर्क साध्या स्विचनं तुटत नाही. तो वायर संपेपर्यंत जळत राहतो.

आणि बादलीतल्या रॉडवर हात ठेवल्यावर थोडी जरी झिणझिण लागली, तर टेस्ट त्याच क्षणी बंद करा, पिन काढा, आणि परवाना असलेल्या वायरमनकडून आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या. तोवर ती बादली कुणाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, विशेषतः लहान पोरांच्या.